‘वय झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

सुमे,

परवा रात्री साडेनऊला तुझा फोन आला तेव्हा मी ओटा धूत होते. तुझा आवाज ऐकून पोटात धस्स झालं. वाटलं, कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना झालं! मग कळलं, की स्टेशनाबाहेरचा भाजीवाला तुला ‘‘आजी, मेथी ताजी आहे, घेऊन जा’’ म्हणाला. तू मेथी घेतली नाहीस, कांदे-बटाटेही घेतले नाहीस, रिकामी पिशवी हलवत घरी आलीस. ‘‘ताई, सत्तेचाळीस म्हणजे काय आजी म्हणायचं वय आहे का गं?’’ मी हसले, तू चिडलीस, फोन बंद! म्हणून आज लिहायला बसलेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हे जरा सावकाश बोलायचं आहे.

आधी त्या भाजीवाल्याचं बघू. आपल्याकडे अनोळखी बाईला नात्यानंच हाक मारतात. ताई, वहिनी, काकू, मावशी, आजी अशी ती शिडी. पायरी कधी बदलायची ते समोरचा ठरवतो, आपल्याला कुणी विचारत नाही. मला पहिल्यांदा ‘काकू’ म्हणाला तो एक रिक्षावाला, माझ्या चौतिसाव्या वर्षी. तो स्वतः तिशीचा तरी असेल. पुढचे आठ दिवस मी आरशासमोर उभी राहून कानामागचे पांढरे केस मोजत होते. तेव्हा तुझं काय दुखलं ते मला कळतं. पण तो तुला ‘मॅडम’ म्हणाला असता तर चाललं असतं ना? मॅडमला वय नसतं हे खरं, पण नातंही नसतं. मॅडमला तो जुडी सांगेल त्या भावानं देतो. आजीला दोन रुपये कमी करून वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतो. उद्या जा आणि मेथी घे. थंडी आहे तोवर ती चांगली मिळते.

मला ‘आजी’पेक्षा जास्त धास्ती वाटते ती गोड बोलण्याची. ‘‘वाटत नाही हं तुमचं वय!’’ हे तुला आता दर लग्नकार्यात ऐकायला मिळेल. पहिल्यांदा गुदगुल्या होतात. पण जरा विचार कर, हे कौतुक कशाचं? लपवता आल्याचं. चोर सापडला नाही म्हणून त्याची पाठ थोपटावी, तसलं. साबणाच्या जाहिरातीत नाही का, पोरगी ‘मम्मी’ म्हणत धावत येते आणि सगळे तोंडात बोटं घालतात. त्या बाईनं नोकरी केली असेल, घर उभं केलं असेल, पण कौतुक कशाचं, तर पोर असल्याचं दिसत नाही याचं. आणि एकदा का आपण या कौतुकाला चटावलो, की पुढच्या लग्नात कुणी ते म्हटलं नाही तर घरी येऊन कलपाची डबी उघडतो. कलप लाव हवा तर, मी काही बोलणार नाही. मी स्वतः बावन्नपर्यंत लावत होते. फक्त तो कुणासाठी लावतोय ते आपल्याला ठाऊक असावं.

आपली भाषा बघ कशी आहे. मुलगी तेरा-चौदाची झाली की ‘वयात आली’. तिशीपर्यंत लग्न जमलं नाही की ‘वय उलटून चाललं’. जुन्या बायका तर तोंडावर ‘घोडनवरी’ म्हणायच्या. पाळणा लवकर हलला नाही की ‘वय निघून चाललंय’. आणि पन्नाशी उलटली की ‘वय झालं’. स्वयंपाक झाला, धुणं झालं, भांडी झाली, तसं वय झालं! आता पदराला हात पुसायचे आणि बसायचं. पुरुषाचं मात्र तसं नाही. तो मुरतो. ‘मुरलेला वकील’, ‘मुरलेला राजकारणी’. लोणच्यासारखा. आणि आपण भाकरीसारख्या शिळ्या! ‘पोक्त’ हा शब्दही बघ. विशीतल्या पोरीला ‘वयाच्या मानानं पोक्त आहे हो’ म्हटलं की आई खूश. आणि खरोखर पोक्त वयात आलेल्या बाईला तो शब्द लावला तर तिचं तोंड उतरतं.

पण याच भाषेतला एक शब्द मला फार आवडतो. चाळिशी. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण चक्क वयाचं नाव देऊन टाकलंय. चाळिसाच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्या अक्षरांवर नजर ठरत नाही आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं. होतं ते सगळ्यांनाच. आपले आबा आठव. ऐंशी वर्षांचे झाले तरी ‘‘माझी चाळिशी कुठे गेली?’’ म्हणत घर डोक्यावर घ्यायचे आणि ती असायची कपाळावर. कुणाला कधी त्या शब्दाची लाज वाटली का? आकडा तोंडावर सांगूनही तो बोचत नाही, कारण त्यानं आपलं काही काढून घेतलं नाही. उलट गेलेली अक्षरं परत आणून दिली. हे लक्षात ठेव, मी पुन्हा इथेच येणार आहे.

आता तुला गंमत सांगते. ‘म्हातारी’ म्हटलं की तू कानावर हात ठेवतेस ना? तो शब्द आलाय ‘महत्तर’ या संस्कृत शब्दावरून. महत्तर म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावच्या मानकऱ्यांना ‘महत्तर’ म्हटलेलं सापडतं आणि आगरी-कोळ्यांकडचं म्हात्रे आडनावही त्याच मुळातलं. ‘वृद्ध’चं मूळ ‘वाढणे’, म्हणजे वृद्ध तो वाढलेला. अगदी ‘थेरडा’ ही शिवीसुद्धा मानाच्या घरातली. पाली भाषेत थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू आणि थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी. या थेरींच्या रचनांचा ‘थेरीगाथा’ नावाचा ग्रंथच आहे. त्यात वैशालीची आम्रपाली, एकेकाळची नगरवधू, आपले केस, डोळे, दात, आवाज एकेक करून मोजते, आधी कसे होते आणि आता कसे झालेत ते. कुठे झाकपाक नाही, कुठे रडगाणं नाही.

म्हणजे ज्या शब्दांना आपण आज घाबरतो, ते सगळे एकेकाळी आदरानं वापरलेले शब्द होते. वाड्यात कल्हईवाला यायचा ते आठवतं? भाता, कोळसे, नवसागराचा तो धूर, आणि मग काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. चार-सहा महिन्यांत कल्हई उडाली की ताक कळकायचं, मग पुन्हा त्याला हाक. शब्दांचंही तसंच. ‘म्हातारा’ची कल्हई उडाली म्हणून ‘वृद्ध’, तीही उडाली म्हणून ‘वयस्कर’, मग ‘ज्येष्ठ नागरिक’. आता तीही पातळ व्हायला लागलीय. रांगेत ‘‘ज्येष्ठ आहेत हो ते, जाऊ द्या पुढे’’ म्हणतानाचा सूर ऐक कधी. म्हणून हल्ली ‘सेकंड इनिंग’ आणि ‘साठ वर्षांचे तरुण’ आलेत. सत्काराच्या भाषणात हटकून असतो तो तरुण. अरे, तरुण म्हटल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाचं कौतुकच करता येत नाही का?

मी कल्हईच्या विरुद्ध नाही हं. कल्हई नसली तर ताक नासतं. कुणाला तोंडावर ‘ए म्हातारे’ म्हणण्यापेक्षा ‘आजी, इथे बसा’ केव्हाही बरं. माझं म्हणणं एवढंच, की कल्हईकडे बघत बसू नये, पातेल्यात काय शिजतंय ते बघावं.

पोस्टात काउंटरच्या मागे मी बत्तीस वर्षं काढली. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ साली आली. साठी पूर्ण झालेल्यांसाठी, पाच वर्षांची मुदत, दर तीन महिन्यांनी व्याज. सुरुवातीला बायका खातं उघडायला यायच्या तेव्हा एक गंमत व्हायची. मी जन्मतारीख विचारली की त्या काचेच्या खिडकीला तोंड लावून पुटपुटायच्या, मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा एका बाईंनी चिठ्ठीच सरकवली, तिच्यावर साल लिहिलेलं. व्याज हवं होतं, साल नको होतं! मी ती चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हा मी चाळिशीत होते, मला हसू यायचं. आता माझंही तिथे खातं आहे. जन्मसाल मी मोठ्यानं सांगितलं. काउंटरवरची पोरगी दचकली.

आणि हिशेबच करायचा तर सरकारनं तुझ्यासाठी काय काय ठरवून ठेवलंय ते ऐक. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ६० पूर्ण झालेला माणूस ज्येष्ठ. आयकरवाले ६० ला ज्येष्ठ म्हणतात आणि ८० ला अतिज्येष्ठ. आपल्या एसटीनं ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात प्रवास फुकट केला आणि त्यांना म्हटलं ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’. आधी ज्येष्ठ, मग अमृत! मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. आणि रेल्वे? रेल्वेचा संगणक ४५ पूर्ण झालेल्या बाईला, शिल्लक असेल तर, आपण होऊन खालचा बर्थ देतो. म्हणजे भाजीवाल्याच्या दोन वर्षं आधीच रेल्वेनं तुला गाठलंय, बाई! तेव्हा नाही चिडलीस? खिडकीशी पाय पसरून छान झोपत गेलीस सोलापूरला.

बघ, हीच ती चाळिशीची गोष्ट. जो शब्द काही देतो, तो टोचत नाही. एसटीत आपली आई कंडक्टरनं विचारायच्या आत आधार कार्ड पुढे करते आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणते, ‘‘पंच्याहत्तर कधीच झाली!’’ हीच बाई एकेकाळी जनगणनेवाल्याला चार वर्षं कमी सांगत होती.

आता खरं सांगायचं ते सांगते. काही शब्द इतके मऊ असतात की आपलं काय काढून घेतलं ते कळतच नाही. त्यांची भीती बाळग.

पहिला, ‘वयोमानानुसार’. माझ्या एकावन्नाव्या वर्षी मला सारखं थकल्यासारखं व्हायचं. दोन जिने चढले की पायात गोळे, थंडी वाजायची, केस गळायचे, वजन वाढत चाललेलं. एका डॉक्टरांनी तपासल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘‘वयोमानानुसार असतं हो हे.’’ इतका आदबशीर शब्द, की मी मान डोलावून घरी आले. दोन वर्षं तशीच ओढली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि हळूहळू मी माणसांत आले. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, हे सगळे ‘वय झालं’चा पदर घेऊन घरात शिरतात. बी-१२ कमी झालं तर विसरायलाही होतं आणि घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी! आणि परवा फोन ठेवता ठेवता तू काय म्हणालीस? ‘‘हल्ली दमायला होतं, वयच असेल.’’ भाजीवाल्यानं म्हटलेलं चालत नाही आणि स्वतः म्हणतेस? या आठवड्यात रक्त तपासून घे. मला रिपोर्टचा फोटो पाठव.

दुसरी ती पाळीची गोष्ट. आपल्या आईच्या पिढीत ती सुरू व्हायची ‘कावळा शिवला’नं आणि संपायची ‘सुटले बाई एकदाची’नं. मधल्या कशालाच शब्द नव्हता. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं जाग येते, उगाच रडू येतं, हे कुणाला सांगणार आणि कुठल्या शब्दांत? सांगितलं तर ‘होतं या वयात’. तू आता त्याच उंबऱ्यावर आहेस, म्हणून सरळ सांगते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं धरतात. त्याआधीची काही वर्षं ती मागे-पुढे होते, कमी-जास्त होते. पण एकदा बारा महिने उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर, तर ‘वयाचं असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घ्यायची. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, तेव्हा चालणं, थोडं वजन उचलणं आत्तापासूनच सुरू कर. आणि लेकीसमोर हे सगळं मोठ्यानं बोल. तिला तरी शब्द शोधत बसायला लागू नये.

तिसरा शब्द सगळ्यात गोड. ‘तुम्ही आता फक्त आराम करा.’ याचा जुळा भाऊ, ‘तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.’ दिवाळीत साताऱ्याला काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, तेवढे तिचे माघात भरतात. दादानं हॉल बघितला, वहिनीनं साडी आणली, मी केटरर ठरवला, तू व्हिडिओ करायला घेतलास. आईला म्हटलं, तू फक्त खुर्चीत बसायचंस. आई काही बोलली नाही. रात्री मी तिच्या शेजारी झोपले होते. अंधारात ती म्हणाली, ‘‘साडीचा रंग तरी विचारायचात गं. मोरपंखी मला कधीच आवडला नाही.’’ मी गप्प. थोड्या वेळानं परत म्हणाली, ‘‘वय झालंय माझं. मी कुठे संपलेय?’’

मला रात्रभर झोप आली नाही. चौघांनी मिळून तिचा इतका मान राखला होता, की तिला विचारायचंच राहून गेलं होतं. आपण तिला एकदाही म्हातारी म्हटलं नाही, पण वागलो मात्र तसंच. त्यापेक्षा बाहेरच्या कुणी ‘म्हातारे, तुला काय हवंय?’ विचारलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तूही तो धर. कुणी वयाचं काही बोललं की शब्द कडू की गोड ते बघू नकोस. त्यानं तुला काय दिलं आणि तुझ्याकडून काय काढून घेतलं, तेवढं बघ. खुर्ची दिली, खालचा बर्थ दिला, कोथिंबीर दिली, तर घे आणि ‘बरं हो’ म्हण. पण ‘या वयात कशाला गाडी शिकता’, ‘आता तुम्ही त्या व्यवहारात पडू नका’, असं काही आलं, मग ते कितीही अहो-जाहो करून येवो, तिथे मान डोलवायची नाही. भांडायचंही नाही. फक्त विचारायचं, ‘‘का बरं?’’ या दोन शब्दांना सहसा कुणाकडे उत्तर नसतं. आणि आपणही कुणाचं असं काही काढून घेतोय का, हे रात्री निजताना आठवायचं.

देणाऱ्या शब्दाचा एक नमुना सांगते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला एक शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, अगदी नव्वदीपर्यंतच्या बायका तिथे गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून जातात आणि पाटीवर आपलं नाव गिरवतात. तिचं नाव काय ठेवावं? ‘ज्येष्ठ महिला साक्षरता केंद्र’ ठेवता आलं असतं. ठेवलं ‘आजीबाईंची शाळा’. आजीबाई म्हटल्यानं त्यांची पाटी कुणी काढून घेतली नाही, उलट हातात दिली. गोष्टीतली भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारीसुद्धा शेवटपर्यंत म्हातारीच असते, कुणी तिला ज्येष्ठ म्हणत नाही. पण वाघाला आणि कोल्ह्याला चकवायची अक्कल साऱ्या जंगलात तिला एकटीलाच असते.

तर आता पुढचं. मोरपंखी साडी वहिनीनं परत केली, आईनं स्वतः दुकानात जाऊन डाळिंबी घेतली आणि घासाघीस करून दीडशे रुपये सोडवले. केटररचा बेतही तिनं फिरवला. बासुंदी काढून पुरणपोळी घातली. औक्षणाला ८१ दिवे कणकेचेच हवेत, विकतचे नकोत, असं तिचं फर्मान आहे आणि ते ती आपल्या दोघींकडून करवून घेणार आहे, शेजारी बसून, चुका काढत. तेव्हा दोन दिवस आधी ये. येताना रक्ताचा रिपोर्ट आण आणि तुझी चाळिशी विसरू नकोस. वाती बारीक वळायच्या आहेत.

तुझी,
ताई